कामावर असलेला दांडा

८ नोव्हेंबर

प्रिय मामा,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळं जागच्या जागी आहे. फोनच केला असता. पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू आपल्या मनाने भरतोस, म्हणून म्हटलं कागदावरच लिहावं.

काम लालीचं आहे. बाबांची ही दोन दारांची लाल गाडी तुला वेगळी सांगायला नको. तिच्यापायी तुझी किती नखं काळीनिळी झाली ते आई कौतुकाने सांगायची. हल्ली बाबा ती चालवत नाहीत, मीच दुकानात नेते-आणते. दिवसभर लोकांच्या चष्म्याचे नंबर तपासायचे आणि संध्याकाळी लालीतून घरी यायचं, हीच काय ती माझी चैन. इंजिन अजून तरुण आहे, पण वळण आलं की बाईसाहेब अशा झुकतात की शेजारच्या सीटवरची डब्याची पिशवी माझ्या मांडीवर येऊन बसते.

वाचून वाचून एवढं कळलंय की यासाठी स्वे बार बदलतात. दोन बाजूंच्या चाकांना जोडणारा तो वाकवलेला पोलादी दांडा. वळणावर एक बाजू दबली की दांडा पिळला जातो आणि दुसऱ्या बाजूलाही खाली ओढतो, म्हणून गाडी कमी कलते. इथपर्यंत ठीक आहे. पुढे माझं गाडं अडलंय. बाजारात जाड आहे, त्याहून जाड आहे, पोकळ आहे, भरीव आहे, आणि विकणारा प्रत्येक जण म्हणतो की आमचाच घ्या. पुढचा बदलू, मागचा बदलू का दोन्ही?

जरा लवकर कळव. महिना संपायच्या आत बसवायचाय. का ते विचारू नकोस, हौस आहे असं समज. बाबा मजेत आहेत.

तुझी,
भिंगरी


१४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस मामाचे भरपूर आशीर्वाद.

मला खुळा समजतेस का? महिनाअखेरची घाई काय, ‘विचारू नकोस’ काय. चढणीच्या शर्यतीत नाव घातलंयस तू. तुझ्या आईला कळलं असतं तर तिने आधी तुझा कान पिरगळला असता आणि मग माझा. मला मात्र इतका आनंद झालाय की काल एका गिऱ्हाइकाचे शॉकअप मी उलटे बसवत होतो.

आता नीट वाच. जाड म्हणजे चांगला, हे डोक्यातून काढून टाक. तुझ्या दुकानात कुणाला नंबर जास्त दिलास तर त्याला जास्त दिसतं का? चक्कर येते. दांड्याचं तसंच आहे, उलट वाईट. वीस मिलिमीटरचा काढून चोवीसचा घातलास तर बघणाऱ्याला फरक दिसत नाही, पण ताठपणा दुप्पट होतो. पुढचा फार ताठ केलास तर गाडीचं नाक वळायलाच तयार होत नाही, सरळ पळतं. मागचा फार ताठ केलास तर शेपूट बाहेर फेकलं जातं आणि तू उलट्या तोंडाने घरी येशील. म्हणून आधी दांड्यांना धरणारे रबराचे बुश बदल. इतक्या वर्षांत ते खडूसारखे झाले असतील. मग गाडी कशी वागते ते मला लिही. तोवर मला विचारल्याशिवाय काहीही विकत घेऊ नकोस.

आणि दाजींचा सल्ला मुळीच घेऊ नकोस. एके काळी त्या चढणीवर त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणालो नाही, तूही म्हणू नकोस. पण तू दोन-तीन वर्षांची असताना ते असे काही आले, की आजारी माणसाला दवाखान्यात नेताना चालवावी तशी गाडी चालवली. शेवटून पहिले. त्यानंतर शर्यतीचं नावच घेतलं नाही. त्या शर्यतीसाठी मी स्वतः वाकवून मागचा दांडा केला होता, तो त्यांनी शर्यत झाल्यावर, गोणपाटसुद्धा न सोडता परत पाठवला. सोबत एक चिठ्ठी, ‘नको’. लग्न झालं की माणूस मऊ होतो, असं मी ताईला म्हणालो तर ती नुसती हसली. पुढे कित्येक वर्षं मी दाजींना ‘सावकाश साहेब’ म्हणत आलो.

अक्षराला नावं ठेवू नकोस. थंडी पडलीय, सकाळी जॅकचा लोखंडी दांडा हातात धरवत नाही. बोटांचे सांधे दुपारपर्यंत ठणकत राहतात.

तुझा,
मामा


२२ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तुझं पत्र यायच्या आधीच मी हात दाखवून अवलक्षण करून बसले होते. पुढचा दांडा घेतला, दुकानात होता त्यातला सगळ्यात जाड. आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने बसवलाही. आता लाली थोडी कमी झुकते हे खरं, पण स्टिअरिंग फिरवलं तरी ती ऐकत नाही. परवा गोदामाच्या वळणावर मी वळले आणि ती भिंतीकडे निघाली. ब्रेक दाबला म्हणून हे पत्र लिहायला शिल्लक आहे. खड्ड्यातून जाताना तर डोकं खांद्यावर आपटतं.

आणि मामा, शर्यत-बिर्यत काही नाही. तुझा आनंद वाचून मला इतकं अपराधी वाटलं की आता शपथ मोडते.

बाबा मजेत नाहीत. उन्हाळ्यात त्यांना ताप आला, तो गेला, पण कानाच्या आत तोल सांभाळणारं जे काही असतं ते बिघडवून गेला. उठले की घर फिरतं. भिंत धरून चालतात. डॉक्टर म्हणतात, माणसाने बाहेर पडत राहायला हवं, हिंडत-फिरत राहिलं की मेंदू हळूहळू नवा तोल शिकतो. म्हणून मी त्यांना लालीतून घेऊन निघाले. तलावाजवळचं ते मोठं गोल वळण आठवतंय ना? तिथे लाली कलली आणि बाबांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. ‘पडतोय, पडतोय’ म्हणाले. मग स्वतःच्या टोपीत उलटी केली. त्या दिवसापासून त्यांनी आपणहून उंबरा ओलांडलेला नाही. म्हणाले, गाडी विकून टाक, आता ती माझ्या कामाची नाही आणि मी तिच्या.

दातांचा एक डॉक्टर महिनाअखेरीला गाडी बघायला येतोय. मला गाडीची फार पडलेली नाही. पण या घरातून बाबांना बाहेर ओढेल अशी आता ती एकच गोष्ट उरली आहे. ती गेली की ते त्या खोलीतच राहतील, हे मला दिसतंय. तुला सांगायचं नाही अशी त्यांनी शपथ घातली होती. ‘मेव्हण्यापुढे मला लटपटताना दाखवू नकोस’ म्हणाले.

नवा दांडा बसवल्यावर त्यांना कसंबसं गल्लीच्या टोकापर्यंत नेलं. परत आले ते पांढरेफटक होऊन. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं झालंय माझं. आता तूच सांग.

तुझी,
भिंगरी


२५ नोव्हेंबर

भिंगरे,

शपथ मोडलीस ते फार चांगलं केलंस. दाजींना सांगू नकोस मला कळलंय म्हणून. माझं मी बघून घेईन.

जाड दांडा आधी काढ आणि जुना परत लाव, नवे बुश घालून. दांडा दोन्ही बाजूंना एकमेकींशी बांधतो. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरीकडेही धक्का पोचतो आणि आत बसलेला माणूस आडवा हेलकावतो. शर्यतीत त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण ज्याचं डोकं फिरतंय किंवा पाठ दुखतेय त्याला तो छळच. दाजींना कलणं कमी हवं आणि धक्काही नको. म्हणजे मोजूनमापून निवडायला हवा.

पण एक गोष्ट मला काही केल्या पटत नाही. लालीला कंपनीने पुढे आणि मागे, दोन्हीकडे दांडे दिले होते. मागचा जागेवर असेल तर ती तू म्हणतेस तशी झुकणार नाही, आणि पुढचा जाड केल्यावर इतकी हट्टी होणार नाही. गॅरेजवाल्याला गाडी वर उचलायला सांग आणि स्वतः खाली शिरून बघ. मागचा दांडा असा असतो: मधला भाग सरळ, दोन्ही टोकं एकाच बाजूला काटकोनात वाकवलेली, कुणी दोन्ही हात पुढे केल्यासारखी. टोकं ठोकून चपटी केलेली आणि प्रत्येकात बोल्टसाठी एक भोक. खाली चित्र काढलंय. चित्र कमी आणि खाट जास्त वाटतेय, पण समजून घे.

दातवाल्याला म्हणावं थोडा थांब. इतक्या दाढा काढतो, त्याला धीर असेलच.

मामा


३० नोव्हेंबर

प्रिय मामा,

मागचा दांडा नाही. जिथे असायला हवा तिथे नुसती भोकं आहेत. पण नुसती म्हणजे अशी, की प्रत्येक भोकात ग्रीस भरलेलं, वर रबरी बूच, आणि ज्या बोल्टनी दांडा धरलेला असतो ते कापडात गुंडाळून तारेने तिथेच बांधलेले. गॅरेजवाल्याने बॅटरी मारून एकेक भोक तपासलं. म्हणाला, हे चोराचं काम नाही, चोर ग्रीस भरत बसत नाही.

मी बाबांना विचारलं, मागचा दांडा हरवला का? ते म्हणाले, ‘हरवला नाही. कामावर आहे.’ आणि पाणी मागितलं.

मी माळा पालथा घातला, जिन्याखालची अडगळ काढली, पाण्याच्या टाकीमागे बघितलं. काल थकून धुणं भिजवायला घेतलं. बाबांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतच्या बोळात भिंतीला धरायचा जो दांडा आहे, तो तुला माहीत आहे. लोखंड थंड लागतं म्हणून आईने त्याला निळ्या लोकरीचा मोजा विणला होता, पार टोकांपर्यंत, एका बाजूने उघडा आणि बटणांनी लावायचा. असे दोन विणले होते, एक दांड्यावर आणि एक धुण्यात. दांड्यावरचा मोजा मी बटणं सोडून काढला आणि तुझं पत्र माझ्या गाउनच्या खिशात होतं, मामा.

मधला भाग सरळ. टोकं काटकोनात वाकवलेली. चपटी. एकेक भोक, आणि त्यातून भिंतीतल्या लोखंडी पट्टीत गेलेला बोल्ट. वरून पांढरा रंग. काखेत कळसा आणि गावाला वळसा. रात्रंदिवस आम्ही दोघं तो धरून ये-जा करतोय.

बाबा माझ्या मागेच उभे होते. मग त्यांनी सांगितलं. ती शेवटची शर्यत झाली, त्याच्या आधी थोडे दिवस आईची पाठ धरली होती. कण्याचं ते दुखणं तेव्हाच सुरू झालेलं, तुला कळलं त्याच्या कितीतरी आधी. दर आठवड्याला तिला लालीतून दवाखान्यात न्यायचे आणि तो रस्ता सगळा खड्ड्यांचा. एक चाक खाली गेलं की ती आडवी हेलकावायची आणि ओठ चावून गप्प बसायची. बाबांनी एका दुपारी मागचा दांडा काढला. पुढच्या खेपेला ती म्हणाली, आज रस्ता दुरुस्त केलेला दिसतोय. बाबा म्हणाले, हो. गाडी मग वळणावर झुकायची, पण बाबा वळणं हळू घ्यायला लागले. शर्यतीत मात्र हळू घेऊन चालत नाही.

पुढे तिला खरं कळलं. तेव्हा तिने बाबांकडून शब्द घेतला की तुला सांगायचं नाही. ‘माझ्यामुळे शर्यत सुटली असं माझ्या भावाच्या मनात राहायला नको,’ म्हणाली. आणि जेव्हा तिला न्हाणीघरापर्यंत एकटीने जाववेना, तेव्हा बाबांनी तोच दांडा भिंतीला लावला. याच्यावर सगळं अंग टाकलं तरी हा वाकणार नाही, असं सांगून.

आता बाबा म्हणतात, ‘काढून घे. तिचं काम झालं. गाडीचा आहे, गाडीला लाव.’ हे म्हणताना त्यांचा हात त्याच दांड्यावर होता, घट्ट.

मी काय करू?

तुझी,
भिंगरी


५ डिसेंबर

चि. भिंगरीस,

भिंतीवरच्या त्या दांड्याला पाना लावलास तर मला मामा म्हणू नकोस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी शेड उघडी ठेवून मी नुसता बसून राहिलो. गिऱ्हाईक आलं, त्याला उद्या ये म्हणालो. एवढ्या वर्षांच्या धंद्यात गाडी पळावी म्हणून काय काय काढणारे आणि घालणारे लोक मी बघितले. बायकोची पाठ हलू नये म्हणून जिंकणारी गाडी झुकती करणारा माणूस एकच, आणि तो माझ्या बहिणीच्या वाट्याला आला. मी त्याला सावकाश साहेब म्हणत होतो आणि तो हसून घेत होता. ताई पण हसत होती. आता कळतंय का हसत होती. तिचं दुखणं आठवलं की मला वाटायचं, मी लांब राहिलो, तिचं कुणी काय केलं असेल. ते ओझं या पत्राने उतरवलं बघ. तुझ्या बाबांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. फेडायची इच्छाही नाही, असू देत तसेच.

ट्रान्सपोर्टने एक लांब पुडकं येईल. गोणपाट तेच आहे आणि गाठही तीच. मी ती कधी सोडली नाही, रागाने. कंपनीच्या दांड्याइतकाच जाड आहे, एक केससुद्धा जास्त नाही, कारण तुझे बाबा तेव्हाही म्हणायचे की लालीला ताकद नको, समज हवी. फरक एवढाच की मी प्रत्येक टोकाला दोन भोकं ठेवली आहेत. बाहेरच्या भोकात बांधला तर दांड्याचा हात लांब होतो आणि तो मऊ वागतो. आतल्या भोकात बांधला तर ताठ. शर्यतीसाठी मी आतलं ठरवलं होतं. तू बाहेरचं घे.

नट घट्ट करायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर लटकलेली असताना नाही. नाहीतर रबर आधीच पिळलेलं राहतं आणि महिन्यात फाटतं. मग तलावाच्या वळणावर जा आणि कसं वाटतं ते दाजींना विचार, गाडीला नाही. आपण दांडा गाडीसाठी निवडत नाही आहोत.

तुझा,
मामा


१३ डिसेंबर

प्रिय मामा,

पुडकं आलं. बाबांनी ते मांडीवर घेतलं आणि गाठ स्वतः सोडली. वेळ लागला, पण कात्री मागितली नाही. मला म्हणाले, ‘सांगितलंस ना त्याला?’ मी हो म्हणाले. रागावले नाहीत.

गॅरेजवाल्याने दांडा हौसेने आतल्या भोकात बसवला. म्हणे एवढी सुंदर वस्तू मऊ कशाला बांधायची. मीही भुलले. बाबांना कसं तरी तयार करून बसवलं. गल्लीच्या टोकाला गटाराचं झाकण आहे, त्यावरून एक चाक गेलं आणि बाबा डोळे मिटूनच म्हणाले, ‘आतलं भोक. बाहेरचं घ्यायला सांग.’ गॅरेजवाल्याने तेव्हापासून त्यांना सर म्हणायला सुरुवात केली आहे.

आता बाहेरच्या भोकात आहे, नटसुद्धा चाकांवर उभी असताना आवळलेत. उद्या सकाळी तलावाच्या वळणावर नेते. दातवाला डॉक्टर उद्याच दुपारी येतोय, आणखी थांबायला तयार नाही.

भिंगरी


२० डिसेंबर

पानेबुवा,

भिंगरी म्हणाली, या वेळचं पत्र तुम्हीच लिहायचं. अक्षर हलतंय. तुझं थंडीने हलतं, माझं कानाने. वाचून घे.

त्या दिवशी निघताना मी टोपी मांडीवर तयार ठेवली होती. नवी आहे, जुनी टाकून द्यावी लागली. तलाव दिसायला लागल्यावर डोळे मिटून घेतले आणि वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळाने भिंगरी म्हणाली, ‘झालं.’ मी म्हटलं, काय झालं? तर म्हणे, वळण. डोळे उघडले तर खरंच मागे पडलं होतं. माझे दोन्ही हात टोपीवर होते. मी काहीच धरलं नव्हतं. उन्हाळ्यापासून काहीही न धरता इतका वेळ बसण्याची ती पहिलीच वेळ. मी तिला म्हटलं, मागे फिरव, पुन्हा एकदा घे. दुसऱ्यांदा डोळे उघडे ठेवले. थोडं फिरलं, पण पडत नव्हतो. पाण्यावर बदकं होती.

घरी आलो तर दातवाला फाटकाशी उभा. त्याला मी स्वतः उतरून सांगितलं की गाडी द्यायची नाही. सज्जन माणूस आहे. मी बोलत असताना तो माझ्या तोंडाकडेच बघत होता. म्हणाला, गाडी राहू द्या, पण डावीकडची दाढ दाखवायला या. गुरुवारी भिंगरी लालीतून घेऊन जाणार आहे. म्हणजे त्याचंही अगदीच नुकसान झालं नाही.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. तुझा दांडा मी ‘नको’ एवढंच लिहून परत पाठवला. कारण लिहिलं असतं तर तुझ्या ताईला दिलेला शब्द मोडला असता. तू नंतर चेष्टा करायचास ती मला कधीच लागली नाही. उलट बरं वाटायचं. तू चेष्टा करतोयस म्हणजे तुला अजून कळलेलं नाही, आणि तिला तेवढंच हवं होतं. तू चिडवून गेलास की ती म्हणायची, अजून नाही कळलं त्याला. आणि त्या दिवशी तिला जेवण जरा जास्त जायचं.

तू तो दांडा इतकी वर्षं ठेवलास, मोडीत घातला नाहीस, याबद्दल तुझे आभार कसे मानू ते कळत नाही. एक दांडा मला घरात चालवतो आणि दुसरा घराबाहेर. एक माझ्या हाताने लागला, एक तुझ्या हाताने वाकला, आणि दोन्ही खरं तर तुझ्या बहिणीसाठी थांबले होते.

या पत्रासोबत निळा मोजा पाठवतोय. दोन होते हे भिंगरीने तुला लिहिलंच आहे. आता धुण्यापुरता काढला तरी मी तेवढा वेळ लोखंड धरून चालू शकतो, मला एक पुरे. तुझ्या जॅकच्या दांड्याला घालून बघ. सैल झाला तर टोकाशी दोरी ओवायला तिने जागा ठेवली आहे.

सावकाश साहेब